अमृताचे साठ झोपाळू

आमच्या कॉलेजात अमृता सात वर्षं तात्पुरती होती. बायपासपलीकडच्या ज्या माळावर मी मेंढरं चारली, तिथं तेवढ्या सात वर्षांत चार-चार मजली इमारती उठल्या, त्यांना नावं मिळाली, नळाच्या तोट्या बसल्या (पाणी नाय, नुसत्या तोट्या), आणि त्या कायमच्या झाल्या. अमृता मात्र तात्पुरतीच. अकरा महिने नोकरी, एक महिना घरी, परत अकरा महिन्यांची ऑर्डर. तो एक महिना ती घरी असली की संगणकाच्या लॅबला कुलूप लागायचं, कारण तिच्याशिवाय ती लॅब कुणालाच चालवता येत नव्हती. तरी कागदोपत्री तिची गरज अकराच महिने.

पोरगी उस्मानपुऱ्यातली. बाप कचरू सेंट्रिंगच्या कामावर. त्यानं अर्ध्या शहराचे स्लॅब ओतले आणि पोरीला डिप्लोमा करवला. मी तेव्हा कॉलेजच्या गेटवर होतो. सकाळी साडेसातला तिची सायकल आली की ती म्हणायची, "जय भीम, सोनाजीबाबा." मी म्हणायचो, "जय मल्हार, पोरी." मग ती तिसऱ्या मजल्यावर जायची आणि साठ संगणकांची साठ बटणं एकेक करून दाबायची. वाकून, कारण डबे टेबलाखाली ठेवलेले. आमच्यात मेंढरं उठवायला एक आरोळी पुरते. हिला साठ वेळा वाकावं लागायचं.

दोन हजार सोळाचा उन्हाळा. पाऊस सलग दोन वर्षं फिरकला नव्हता. गावाकडं टँकर, शहरात टँकर, आणि आमच्या कॉलेजात सगळ्यात मोठा टँकर, तो जायचा दर्शनी भागातल्या हिरवळीला. पोरांना प्यायला पाणी नाय, पण तपासणीची समिती यायची होती ना! समितीला गवत हिरवं दिसायला पाहिजे.

त्याच दिवसांत प्राचार्य कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि डोक्यात एक नवं खूळ घेऊन आले. तिथं त्यांनी पाहिलं म्हणे, एक माणूस आपल्या केबिनमध्ये बसून एक बटण दाबतो आणि दुसऱ्या इमारतीतले झोपलेले संगणक आपोआप जागे होतात. तारेतून एक निरोप जातो, संगणक डोळे उघडतो. झालं. समितीसमोर हे करायचंच.

अमृताला बोलावलं. म्हणाले, "मॅडम, माझ्या एका बटणावर साठच्या साठ उठले पाहिजेत. मग तुमची कायमची फाईल मी स्वतः पुढं पाठवतो. नाय उठले, तर पुढची ऑर्डर निघेलच असं नाही."

आता गंमत बघा. बटण चाललं तर साठ वेळा वाकायला माणूस कशाला लागेल? म्हणजे आपणच आपल्या जागी एक बटण बसवायचं, आणि त्याबद्दल आपल्याला कायम करणार! हे गणित मला चौथी पास माणसाला गेटवर बसून कळलं, तिला का नाय कळणार? पण ती म्हणाली, "बाबा, काम दिलंय तर नीट करते. पुढचं पुढं."

आठ दिवस ती मशिनींच्या पोटात शिरली. प्रत्येकाला सांगून ठेवलं की बाबा रे, झोपलास तरी एक कान उघडा ठेव. दुपारी तीनला सगळे झोपवले, खाली प्राचार्यांना बटण दाबायला लावलं, आणि वर साठच्या साठ पडदे उजळले. प्राचार्यांनी पेढे मागवले. विभागप्रमुख मोतीराम सरांनी भाषण केलं, त्यात 'माझ्या मार्गदर्शनाखाली' पाच वेळा आलं. हे मार्गदर्शन कधी झालं ते गेटवरून तरी दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला प्राचार्यांनी बटण दाबलं. एकही उठला नाय.

परत दुपारी तीनला झोपवून बघितले, तर साठच्या साठ उठले. परत सकाळी, एकही नाय. चार दिवस असंच. दुपारी हुशार, सकाळी ठार. मोतीराम सर म्हणाले व्हायरस आहे. पुण्याहून एक तज्ज्ञ आणला. त्यानं गुळगुळीत बूट घालून लॅबला दोन फेऱ्या मारल्या, मटण खाल्लं, आणि सगळ्या केबली बदला म्हणून सांगून संध्याकाळच्या गाडीनं गेला. केबली बदलल्या. सकाळी परत सगळं मसणवटीसारखं शांत.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, दुपारी येतं आणि सकाळी येत नाही, म्हणजे तुमचं काम कच्चं आहे. समिती शुक्रवारी येतेय."

बुधवारी पाचला ती गेटवर येऊन माझ्या बाकड्यावर बसली. तोंड एवढंसं. मी विचारलं तर सगळं सांगितलं. मला तर हसूच फुटलं.

"हसता काय बाबा?"

"आगं, आमच्या खंडेरावाची मोटार आठवली."

खंडेराव माझा पुतण्या, पैठणकडं शेती. त्यानं विहिरीवरच्या मोटारीला तो फोनचा डबा बसवला होता. डब्यात सिमकार्ड, आपण घरून रिंग द्यायची, तिकडं मोटार सुरू. लई मिजास त्याची. एकदा बायकोला लुगडं घ्यायला गुलमंडीत आला आणि दुकानात गादीवर बसून मोटारीला फोन लावायला लागला. दुकानदाराला वाटलं घरी कुणी आजारी आहे. वीस फोन केले, मोटार सुरू झाल्याचा निरोप येईना. लुगडं टाकून शेतात पळाला. तर काय, लाईन एकदा जाऊन आली होती. त्याच्या डब्याला खोडच ती, लाईन गेली की सगळं विसरतो. परत आली तरी कुणीतरी जाऊन हातानं एकदा बटण दाबावं लागतं, मग पुढं फोन ऐकतो. त्यानं दाबलं, मोटार सुरू झाली, पण विहिरीत पाणीच नव्हतं तो भाग वेगळा.

अमृता म्हणाली, "पण बाबा, आपली लाईन कुठं जाते? जनरेटर आहे की."

"रोज जाते की. साडेपाचला. तू पाचला जातीस म्हणून तुला दिसत नाय. कडुबा खटका ओढतो, मी हितून बघतो ना, तिसऱ्या मजल्याची दिवाबत्ती एकदम जाते. सकाळी सातला परत टाकतो."

ती उठलीच. तीन मजले पळत चढली. साडेपाचला संगणकांच्या पाठीमागं बसून राहिली. केबल खोचतात तिथं एक हिरवा दिवा मिणमिणत असतो, तो साठही ठिकाणी एका दमात विझला. बाहेर कॉरिडॉरमध्ये कडुबा मेन स्विचच्या पेटीला कुलूप लावत होता. झोपलेल्या माणसाचा श्वासच काढून घ्यायचा आणि सकाळी हाक मारायची, का उठत नाय म्हणून!

कडुबा आमचा शिपाई. माणूस देवभोळा नाय, कागदभोळा. तेराच्या दुष्काळात प्राचार्यांनी हुकूम काढला होता, पाणी वाचवा, वीज वाचवा, साडेपाचनंतर सर्व मजल्यांचे मेन स्विच बंद. प्राचार्यांच्या केबिनचा सोडून, तिथं एसी असतो. पुढं कुणाच्या लक्षातही राहिला नाय तो हुकूम. पण कडुबाला एकदा पंखा चालू राहिला म्हणून मेमो मिळाला होता. त्यानं हुकुमाला प्लॅस्टिक चढवलं, पेटीच्या दाराला आतून चिकटवलं, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. तीन वर्षं एक दिवस चुकला नाय. दिवाळीच्या सुट्टीत पण येऊन बघून जायचा.

"मामा, आजपासून बंद करू नका," अमृता म्हणाली.

"कागद दाखवा."

"अहो मामा, समिती येतेय. माझी नोकरी आहे त्याच्यावर."

"व्हय ताई, आन माझी ह्या किल्लीवर हाय. ज्यानं बंद करा म्हणून लिहिलं, त्यानंच नको म्हणून लिहावं. मी काय, लगेच उघडतो."

गुरुवारी सकाळी ती प्राचार्यांपुढं उभी राहिली आणि सांगितलं, साहेब, दोष संगणकात नाय, केबलीत नाय, तुमच्या हुकुमात आहे. तिनं इतकं सरळ म्हटलं नसेल, पण साहेबांना ऐकू तसंच गेलं. त्या हुकुमाबद्दल कुठल्याशा मंडळानं दिलेलं काटकसरीचं प्रशस्तिपत्र त्यांच्याच डोक्यामागं फ्रेममध्ये लटकत होतं. ते म्हणाले, "माझा हुकूम चुकीचा? जिल्ह्यात गाजलाय तो."

मग मोतीराम सरांनी तोडगा काढला. हुकूमही राहावा आणि कामही व्हावं. रात्रभर बंद नको, साडेपाचला बंद करायचं आणि पाच मिनिटांनी परत चालू करायचं! अमृता म्हणाली, "सर, पाच मिनिटं काय आणि पाच सेकंद काय, वीज तुटली की ते विसरतात. हातानं एकदा उठवून परत नीट झोपवल्याशिवाय ऐकत नाहीत." सर म्हणाले, करून तर बघा. दुपारीच करून बघितलं. पाच मिनिटं खटका खाली, परत वर, साहेबांनी बटण दाबलं. साठ मढी.

आता उरली एक रात्र. तेव्हा मोतीराम सर तिला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, उगाच ताणता कशाला? उद्या सहाला या. सगळे हातानं चालू करा, नुसते पडदे बंद ठेवा. साहेब बटण दाबतील, तुम्ही आणि दोन-चार पोरं मागून पडदे लावा. समितीला काय कळतंय?"

अमृता म्हणाली, "चालेल सर. लेखी द्या."

"काय?"

"सहाला येऊन खोटं खोटं चालू करावं, असं लेखी द्या. सही, तारीख, जावक क्रमांक. कडुबामामा कागदाशिवाय खटका सोडत नाहीत, मी कागदाशिवाय खोटं का करू? उद्या पकडलं तर तात्पुरती मी आहे, तुम्ही नाही."

सरांचं तोंड असं झालं, जसं मेंढरानं चारा समजून पिशवी खाल्ली. ते प्राचार्यांकडं गेले. केबिनमध्ये अर्धा तास काय झालं ते मला माहीत नाय, पण दार दोनदा आपटलं. शेवटी साहेबांनी हिशेब केला असेल. खोट्याला सही द्यायची, का हुकुमाला एक ठिगळ लावायचं? ठिगळ बरं. 'काटकसरीचे धोरण अबाधित ठेवून, केवळ संगणक कक्षापुरते, विशेष बाब म्हणून' असा लांबलचक कागद निघाला. त्यात हुकूम चुकला असं कुठंही नव्हतं. उलट तो इतका यशस्वी झाला की आता थोडा सैल केला तरी चालेल, असं होतं.

कडुबानं तो दोनदा वाचला. म्हणाला, "गोल शिक्का नाय."

अमृता परत तीन मजले खाली, परत वर. शिक्का बघितल्यावर कडुबानं सदरा वर केला, किल्ली सोडली आणि कुलूप काढलं. तिनं त्या संध्याकाळी साठही संगणक हातानं उठवले, नीट झोपवले आणि हिरवे दिवे मोजून घरी गेली.

शुक्रवारी सकाळी समिती आली. तिघे जण, त्यातल्या एक बाई जालन्याच्या, जाड चष्म्याच्या. प्राचार्यांनी आपल्या केबिनमधला संगणक वर लॅबमध्ये आणून ठेवला होता, म्हणजे बटण दाबताना आपण दिसावं. दाबलं. अठ्ठावन्न उठले. एकाची केबल उंदरानं कुरतडली होती, आणि एक का उठला नाय ते आजवर कुणाला कळलं नाय. पण टाळ्या पडल्या. प्राचार्य म्हणाले, "बघा, आता या कक्षाला माणसाची गरजच नाही. सगळं स्वयंचलित."

मी तेव्हा पाण्याचे जार वर पोचवायला गेलो होतो, दारातच उभा. अमृताचा चेहरा बघितला. तिला हे आधीपासून माहीत होतं, तरी कानांनी ऐकणं वेगळं.

त्या बाईंनी चष्मा वर सरकवला. "मध्ये लाईट गेली तर?"

प्राचार्यांनी मोतीराम सरांकडं बघितलं. मोतीराम सरांनी छताकडं.

"मॅडम, तुम्ही सांगा," बाई अमृताला म्हणाल्या.

साहेबांनी डोळे मोठे केले. तिनं त्यांच्याकडं बघितलंच नाय. "उठत नाहीत, मॅडम. वीज तुटली की विसरतात. कुणीतरी इथं येऊन प्रत्येक डबा हातानं चालू करून परत झोपवावा लागतो. नाही केलं तर साहेबांचं बटण नुसतं बटण आहे."

बाई हसल्या. "आमच्या जालन्याला तर दिवसातून चारदा जाते." आणि खाली मान घालून लिहायला लागल्या. पुढं अहवाल आला, त्यात ओळ होती: संगणक कक्षासाठी पूर्णवेळ, कायमस्वरूपी तंत्रसहायक असणे अनिवार्य, एका महिन्यात पूर्तता कळवावी. प्राचार्यांनी समितीला कौतुकानं सांगितलेलं 'माणसाची गरज नाही' हे वाक्य अहवालात कुठंच नव्हतं.

साहेबांनी फाईल पुढं पाठवली. पाठवावीच लागली. वर शेरा मारला की ही मागणी आपण कधीपासून करत होतो.

जूनमध्ये, एरवी तिच्या घरी बसायच्या महिन्यात, अमृता सायकल लावून माझ्या बाकड्यावर आली आणि एक लिफाफा पुढं केला. "बाबा, मोठ्यानं वाचा." मी चौथी शिकलेला, सरकारी मराठी म्हणजे दगडात चालणं. तरी बोट ठेवून वाचलं. 'कायम' आला तिथं थांबलो, परत मागून वाचलं, परत थांबलो. तिसऱ्यांदा मागं गेलो तशी तिनं कागद ओढून घेतला.

"झिजेल ना बाबा," म्हणाली, "अण्णांना दाखवायचाय अजून." आणि सायकल उलटी वळवून कचरू ज्या स्लॅबवर होता तिकडं निघून गेली.