ज्वारीचा एक मार्क

सोमवारी सकाळी पावणेआठ वाजले तरी चार नंबरचा बेड रिकामाच होता. मशीन तयार होतं, पेशंट नव्हता. पेशंट म्हणजे मंगळवेढ्याचे तुकारामअण्णा. मी फोन लावला.

"अण्णा, कुठे आहात?"

"घरात हाय."

"आज डायलिसिस आहे तुमचं."

"म्हाईत हाय. माझा मार्क फळ्यावर लिवला का?"

"अण्णा, ऐका तरी..."

"मग न्हाय येत." फोन बंद.

मी सोलापुरात एका हॉस्पिटलमध्ये डायलिसिस टेक्निशियन आहे, सतरा वर्षं झाली. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत, त्यांचं रक्त मशीनमधून साफ करून परत अंगात सोडायचं, हे आमचं काम. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. अंगात साठलेलं पाणीही मशीनच काढतं. खाडा झाला तर ते पाणी फुफ्फुसात चढायला वेळ लागत नाही. अण्णांची बॅच सोम-बुध-शुक्र. म्हणजे शुक्रवारनंतर आधीच मोठी सुट्टी, आणि त्यावर हे रुसून बसलेले.

रुसवा क्विझवरून होता. क्विझ मीच सुरू केलेली. तीन तास झाले की पेशंट "मॅडम, आता काढा की" म्हणून मागे लागायचे. मग मी रोज सकाळी फळ्यावर एक प्रश्न लिहायला लागले. उत्तर शेवटच्या पंधरा मिनिटांत सांगायचं. मशीनवर असाल तरच खेळता येईल, आणि माझ्या जनरल नॉलेजच्या पुस्तकात असेल तेच उत्तर, एवढेच नियम. लवकर काढा म्हणणारे गप्प झाले. मधल्या वेळात कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाची सून माहेरी गेली, सगळ्याची चर्चा. महिनाअखेरीला जो पुढे, त्याला खिडकीजवळचा बेड.

शुक्रवारचा प्रश्न होता, ज्वारी कोणत्या हंगामातलं पीक? अण्णा म्हणाले रब्बी. शेजारच्या बेडवरच्या पद्मक्का म्हणाल्या खरीप. पद्मक्कांचं घर विणकरांचं, ज्वारी त्यांनी भाकरीतच पाहिलेली. खरीप हे त्यांच्या नातवाच्या पुस्तकातलं. माझ्या पुस्तकातही खरीपच होतं. मी पद्मक्कांना मार्क दिला आणि त्या एकाने पुढे गेल्या.

"मंगळवेढ्याच्या मानसाला ज्वारी शिकिवता व्हय?" अण्णा कडाडले. "चाळीस वर्सं पेरतोय मी. पावसाळा सरताना पेरायची, थंडीत वाढती."

"अण्णा, पुस्तकात आहे."

"मग पुस्तकालाच न्या पेरायला!"

मी हसले. तिथे चुकलंच माझं. मशीन सुटताच अण्णा तडक निघून गेले.

आता सोमवारी डॉक्टर मॅडम माझ्यावर घसरल्या. "एक मार्क देऊन टाका ना त्यांना!"

"मॅडम, बाकीचे भांडतील. नियम आहे."

"क्विझ घ्यायला कुणी सांगितलं होतं?"

चांगली आयडिया आहे असं त्याच म्हणाल्या होत्या, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. मला खरंच भीती वाटत होती. माझ्या एका हसण्यापायी माणूस जिवावर उदार झाला होता.

पद्मक्का सगळं ऐकत होत्या. त्यांच्या एका हाताला सुया लावलेल्या. म्हणाल्या, "फोन लावा आणि माझ्या कानाला धरा."

मी धरला.

"अण्णा, पद्मा बोलते. ऑब्जेक्शन घ्यायचंय ना? मशीनवर येऊन घ्या. घरातून चालत नाही, नियम आहे की."

"मी येस्तवर तुमी थांबनार हाय का?"

"थांबते की. मी काय पळून जाते?"

अकराला पद्मक्कांचं डायलिसिस संपलं. त्यानंतर माणूस गळून जातो. एरवी त्या लगेच रिक्षा बोलावतात. त्या दिवशी त्यांनी न्यायला आलेल्या मुलाला परत पाठवलं आणि दाराजवळ स्टुलावर बसून राहिल्या.

पावणेबाराला अण्णा एसटीने आले. पाय सुजलेले, धाप लागलेली. ड्राय वेट म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. त्यापेक्षा साडेचार किलो जास्त भरले.

"किती चहा प्यायलात?"

"राग आला की लागतोच."

मी सुया लावल्या, मशीन सुरू केलं. लगेच अण्णांनी मोकळा हात वर केला. "ऑब्जेक्शन!" आणि डायलिसिसच्या फाइलमधून सातबारा काढला. पिकाच्या रकान्यात लिहिलं होतं, रब्बी, ज्वारी.

पद्मक्कांनी चष्मा लावून तो कागद बराच वेळ वाचला. "सरकारी कागद आहे. द्या मार्क."

मी फोनवर शोधलं. ज्वारी दोन्ही हंगामांत होते. म्हणजे माझा प्रश्नच चुकला होता. तसं मी मोठ्याने कबूल केलं, माफी मागितली आणि अण्णांच्या नावापुढे मार्क लिहिला. दुपारच्या शिफ्टच्या पेशंटना यातलं काही माहीत नव्हतं, पण त्यांनीही एका हाताने मांडीवर टाळ्या वाजवल्या.

"तुमी कशापायी थांबला एवढा वेळ?" अण्णा हळू आवाजात म्हणाले. "मी आलो नसतो तर तुमीच पुढं हुता की."

"तुम्ही नसला तर पुढे जाऊन दाखवू कुणाला?" पद्मक्का म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

अण्णांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी उगाचच मशीनची बटणं बघत राहिले, कारण माझेही डोळे भरून आले होते.

आता पिकावरचा प्रश्न मी अण्णांना विचारल्याशिवाय काढत नाही, आणि विणकामावरचा पद्मक्कांना विचारल्याशिवाय. दोघांपैकी कुणालाही एका मार्कापेक्षा जास्त पुढे जाऊ देत नाही. तेव्हापासून दोघांचाही एकसुद्धा खाडा नाही. डॉक्टर मॅडमना वाटतं, हा त्यांच्या समजावण्याचा परिणाम आहे.