जाऊबाईंनी समजावलेलं पारितोषिक

ऑक्टोबरातला एक आठवडा आमच्या कोल्हारच्या घरात माझा असायचा. सोमवारी वैद्यकशास्त्र, मग भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गुरुवारी साहित्य आणि शुक्रवारी शांतता. स्वीडन आणि नॉर्वेमधून जाहीर होणारी ही पारितोषिकं मी लग्न होऊन आले तेव्हापासून चहाच्या वेळी घरच्यांना सांगत आले आहे. कुणाला मिळालं, कशासाठी, किती जणांत वाटलं गेलं. पूर्वी दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून सांगायचे, आता मोबाईलवरून. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, त्याचा या घरात झालेला उपयोग एवढाच. सासरे दर वर्षी तोच विनोद करतात, "शांततेचं आपल्या घरात कवा यायचं? दोन सुना हायेत, म्हनून आडलंय." आम्ही दोघी जावा दर वर्षी हसतो.

यंदा सोमवारी मी तोंड उघडायच्या आत थोरल्या जाऊबाईंचा फोन वाजला. त्यांची मुलगी जर्मनीत संशोधन करते. वैद्यकशास्त्राचं पारितोषिक तिच्या सरांना मिळालं होतं. ती फोनवर रडत होती, जाऊबाई इकडे रडत होत्या, आणि मी हातात चहाची किटली घेऊन उभी होते.

तासाभरात शेजारच्या बायका आल्या. जाऊबाई सगळ्यांना सांगू लागल्या, "आमच्या पोरीला जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं!"

मला राहवलं नाही. "ताई, तिला नाही, तिच्या सरांना. त्यांनाही अर्धंच. अर्धं दुसऱ्या एकांना आहे. आणि सरांच्या हाताखाली तिच्यासारखे वीस-बावीस जण आहेत."

व्हिडिओ कॉल चालूच होता. त्यातून पुतणी हसत म्हणाली, "काकी बरोबर सांगतीय, आई."

"बरं बाई, सरांना तर सरांना," जाऊबाई म्हणाल्या आणि माझ्या तोंडात पेढा कोंबला. "तू आधी तोंड गोड कर. लई हिशोबी हायेस!"

बायका हसल्या. माझं बोलणं शंभर टक्के खरं होतं आणि त्याचा कुणावर काडीचाही परिणाम झाला नव्हता.

स्पष्टच सांगते, माझा जळफळाट झाला. पुतणीवर नाही. दहावीपर्यंत तिला विज्ञान मी शिकवलं, पुढचं तिचं तिने कमावलं. मला जाऊबाईंचा हेवा वाटत होता. त्या नववी शिकलेल्या, पुढच्या खोलीत साड्या विकतात. मंगळवारी आणि बुधवारीही लोक त्यांच्याकडे येत राहिले आणि मी त्या दोन दिवसांची पारितोषिकं कुणाला सांगितलीच नाहीत. कुणी विचारलीही नाहीत.

बुधवारी संध्याकाळी जाऊबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "उद्या बचत गटाच्या बैठकीत मला बोलायला सांगितलंय. सरांनी नेमकं काय शोधलं, ते मला सांग की."

थोडक्यात सांगून त्यांची बोळवण करता आली असती. पण अर्धवट सांगणं मला जमत नाही. मी सगळं सांगितलं. पेशीत प्रथिनं तयार होतात, त्यांची ठरावीक घडी पडावी लागते. घडी चुकलेलं प्रथिन पेशी बाहेर सोडत नाही. अशी प्रथिनं फार साचली, तर आतून एक इशारा जातो आणि नवीन प्रथिनं बनवण्याचा वेग कमी होतो. तो इशारा कसा जातो, हे सरांनी शोधलं. जाऊबाईंनी चार-पाच वेळा "म्हंजी?" विचारलं आणि उठून गेल्या. यांना काही कळलेलं नाही, अशी माझी खात्री झाली. मला बरं वाटलं.

गुरुवारी त्या देवळातल्या बैठकीला दोन साड्या घेऊन आल्या. एक सरळ घडीची. दुसरीची त्यांनी सगळ्यांसमोर मुद्दाम वाकडी घडी घातली.

"ही मी गिऱ्हाइकाला देईन का?"

"न्हाई!" बायका म्हणाल्या.

"मग काय करीन? मोडून परत घालीन. न्हाईच बसली तर बाजूला टाकीन. आन् अशा वाकड्या घड्यांचा ढीग झाला, तर नवा गठ्ठा सोडीन का? आधी ढीग निस्तरीन. आपल्या अंगातली पेशी हेच करती. ढीग झालाय, थांबा, असं तिला कोन सांगतं, ते सरांनी हुडकलं."

मागून एक म्हातारी म्हणाली, "आगं, मग माझ्या सुनेपरीस तिच्या पेशी लई बऱ्या. ती कुठं निस्तरती?" सभामंडप हसून हसून बेजार झाला. मी इतकी वर्षं सांगत आले, पण असं कुणी ऐकलं नव्हतं. साडीचं तर मी सांगितलंच नव्हतं, ते त्यांचं स्वतःचं होतं. साडेचारला साहित्याचं पारितोषिक जाहीर होतं. ते बघायचं मी पहिल्यांदाच विसरले.

घरी आल्यावर मी कणीक मळायला घेतली. जाऊबाई भाजी निवडायला समोर बसल्या. भाषणाच्या आनंदाने त्यांचा चेहरा अजून लाल होता.

"बरोबर सांगितलं ना गं? कुठं चुकलं आसंल तर सांग. तुझ्याशिवाय कुनाला कळायचं?"

मी चूकच शोधत होते. वाकडी घडी, बाजूला टाकणं, ढीग, थांबवलेला गठ्ठा, एकेक करून ताडून पाहिलं. पुन्हा पाहिलं. भाजी निवडून झाली, चिरून झाली, फोडणीलाही पडली.

"बरोबर होतं," मी म्हणाले.