गायरानावरची सुनावणी

आमच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्सेच जास्त साचलेत. फायली निदान रद्दीत तरी जातात! म्हैसूरमधली छोटीशी कन्सल्टन्सी आमची. सोलर प्रकल्पाआधी गावात जनसुनावणी घ्यायची, लोक काय बोलले ते लिहून वर पाठवायचं, एवढंच काम.

*

हुणसूरपलीकडच्या एका गावात नोटीस लावायची होती. आमच्या माणसानं ती पंचायतीच्या दाराला लावली, पण आतून! दार आठवडाभर बंद. "बाहेर वारा होता ना मॅडम," म्हणाला. फाईलला लावायचा फोटो मात्र झकास आला.

*

साहेब इतिवृत्त आदल्या दिवशीच टाइप करवून घेतात. "अहो, लोक काय बोलणार ते मला पाठ आहे!" नेमकं त्या गावात कुणीतरी वारलं, सुनावणी पुढे गेली. इतिवृत्त तोवर वर पोचलं होतं, 'टाळ्यांच्या गजरात'सकट!

*

पुढच्या आठवड्यात खरी सुनावणी झाली. सिद्दम्मा नावाची अज्जी उठली. पॅनेल बसणार त्याच गायरानात तिच्या शेळ्या चरायच्या, त्यांच्यावरच तिचं पोट. मी फॉर्म काढला. "सर्व्हे नंबर?"

"नाही बाई."

साहेब म्हणाले, "जमीन सरकारची आहे. म्हणजे तुम्ही बाधित नाही."

"बरं," अज्जी म्हणाली. "आता हे शेळ्यांना सांगा."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. अय्यो, आठवलं की लाज वाटते.

*

नंतर जेवण होतं. पुलावाचं पाकीट हवं तर रजिस्टरवर सही करायची. तेच रजिस्टर पुढे 'संमती' म्हणून वर गेलं! अज्जीचा अंगठा मीच धरून टेकवला होता. वर म्हटलं, "खाऊन घ्या हो, सुम्ने, उगीच उपाशी कशाला राहता?"

*

वर्षभरानं 'समाधान फॉर्म' भरायला परत गेले. गायरानाला तारेचं कुंपण, आत पॅनेलच पॅनेल. अज्जी बाहेर बसलेली. शेळ्या विकाव्या लागल्या होत्या, चारायला जागाच नाही.

"काही तक्रार आहे, अज्जी?"

तिनं उलट मलाच विचारलं, "तुझ्या घरावर आहेत का गं ह्या काचा?"

"नाही. आमच्या चामराजपुरमच्या अपार्टमेंटमध्ये विषय निघाला होता. पापड वाळवायला गच्ची उरणार नाही, म्हणून बायका नको म्हणाल्या."

"मग?"

"मग काय, नाही बसवल्या."

अज्जीनं कुंपणाकडे बघितलं.

"नको म्हटलं की बसवत नाहीत होय?"