निरोगी गटातली मी

अगं ये, जवळ बस अशी. मावशीचं पत्र हातात असताना तो मोबाइल कशाला गं? ठेव उलटा. परवा फोनवर काय खिदळलीस! म्हणे, "मावशी, त्या संशोधनवाल्यांनी तुझ्यावर प्रयोग केले की काय? सुया-बिया टोचल्या?" इंदोरला राहतेस, एवढी शिकलीस, आणि विचारतेस काय तर सुया! टोचलं कुणी काही नाही. नुसतं विचारलं. विचारल्यावर मी काय दिवे लावले ते ऐक, मग हस हवी तेवढी.

दोन वर्षं मी तुझ्याकडे आले नाही. कारण काय सांगितलं? गुडघे. साफ झूठ. गुडघे माझे ठणठणीत आहेत. झालं असं की तुझ्याकडे यायला देवास गेटच्या स्टँडवर बसमध्ये बसले होते, खिडकीची जागा, मांडीवर तुझ्यासाठी शेवेचा डबा. बस सुटायच्या आधीच छाती अशी धडधडायला लागली की वाटलं, संपलं आपलं. तोंड कोरडं, हात गार. उतरले, ऑटो केली, घरी आले. डॉक्टरांनी छातीला तारा लावून कागद काढला, म्हणाले हृदय उत्तम. पण तेव्हापासून एकटीनं गल्लीचं टोक ओलांडायचं म्हटलं की तेच. पुन्हा माघारी. घरात सांगितलं, गुडघे दुखतात.

आपल्या लोकांत गुडघ्यांना काय मान आहे म्हणून सांगू! मुलानं एक्स-रे काढला, सुनेनं तेल आणलं, शेजारीण स्वतःचा पट्टा देऊन गेली. तेच घबराहट म्हटलं असतं, तर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं असतं आणि कुणीतरी हळूच म्हणालं असतं, "आईंना काही काम नसतं ना, म्हणून."

मग एकदा डॉक्टरांच्या भिंतीवर कागद दिसला. साठीच्या पुढच्यांना घबराहट, बेचैनी होते त्यावर एका कॉलेजचा अभ्यास चाललाय. ज्यांना त्रास आहे त्यांच्या घरी दर आठवड्याला एक शिकलेली बाई येणार, तासभर बोलणार, भीती कशी उतरवायची ते शिकवणार. घरी येऊन! मला तेवढंच दिसलं. नंबर औषधाच्या पाकिटावर लिहून घेतला आणि पापड वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीवर जाऊन फोन लावला. ती बाई मला हवी होती, कशीही करून.

कॉलेजच्या दोन मुली आल्या. आधी एक कागद वाचून दाखवला, "आंटीजी, आप जब चाहें, बिना कारण बताए, बीच में छोड़ सकती हैं." मी तो दोनदा वाचून घेतला. लग्न झालं, बाळंतपणं झाली, सासूबाईंची दुखणी काढली, असला कागद मला कुणी कधी दाखवला नव्हता. ठोकली सही.

मी मराठी म्हणून माझ्यासाठी खास मराठी फॉर्म आणलेला. "गत पंधरवड्यात आपणांस अनाकलनीय भयाची अनुभूती कितपत झाली?" म्हटलं, "बेटा, हिंदीतच पूछो. असं बोलणारा माणूस भीतीनं नाही, या भाषेनंच मरेल." ती बिचारी मराठी कुठे जाणते, नुसती हसली.

तेवढ्यात सून पोहे घेऊन आली आणि तिथेच बसली. "मी पण बसते ना, आईंना आठवत नाही."

"घर से अकेले निकलने में डर लगता है?"

"डर काहे का?" सून म्हणाली. "इनके तो घुटने हैं."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. आणि तुझी ही शहाणी मावशी काय म्हणाली? "कभी नहीं, बेटा. और पोहा लो, सेव डालूँ?" झोप? मस्त. छातीत धडधड? कभी नहीं. उगाच काळजी? किस बात की? सगळी लाइन कभी नहीं, कभी नहीं. पुढ्यात पाहुणे, शेजारी सून. अशा वेळी आपल्या घरातली बाई पायाखाली विस्तव असला तरी विचारते, चहात साखर किती? त्या मुली काही माझ्या नणंदा नव्हत्या, की बाहेर जाऊन घरची बातमी फोडतील. पण सवय कुठे जाते मेली?

काही दिवसांनी फोन आला. "बधाई हो आंटीजी, आप स्वस्थ समूह में हैं!" म्हणजे काय, तर मी निरोगी. माझ्याकडे बाई-बिई येणार नाही. मी फक्त अधूनमधून फॉर्म भरायचा, आणि आजारी लोकांच्या उत्तरांची तुलना माझ्या उत्तरांशी व्हायची. मुलानं त्या आनंदात कचोऱ्या आणल्या. "बघ, आमची आई एकदम फिट!"

मी कचोरी बशीत तशीच ठेवली. गावात कुठे तरी माझ्यासारखीच एखादी दाराची कडी धरून उभी असेल. तिनं धीर करून खरं सांगितलं असेल. आणि तिच्या शेजारी ठेवणार मला, की बघा, ही आंटी कशी शांत! माझ्या खोट्याच्या पट्टीनं तिला मोजणार. शरम वाटली गं. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बसून, सगळ्यांच्या देखत फोन लावला. "बेटा, मैंने सब झूठ लिखवाया. मुझे बहुत डर लगता है."

मुलगा उठून उभा राहिला. "आई, नाव चढेल कुठेतरी! लोक काय म्हणतील?"

"एक्स-रेवर चढलं तेव्हा कुठे गेले होते रे तुझे लोक?"

ती मुलगी पुन्हा आली. या वेळी तिनं सुनेला गोड बोलून आत पाठवलं. मी पोहे केले नाहीत, पाणी दिलं आणि तासभर बोलले. बसचं, गल्लीचं, तेलाच्या बाटल्यांचं, सगळं. शेवटी ती खाली मान घालून म्हणाली, "आंटीजी, पुराने जवाब हटा देंगे. पर दूसरे समूह में जगह भर गई है."

वा! खोटं बोलले तेव्हा बधाई, खरं बोलले तर जागा भरली. अशी ही विद्या.

तरी त्यांच्या मॅडमनं स्वतः फोन केला, एवढं मानते. म्हणाल्या, याला इलाज आहे, मंगळवारी दवाखान्यात या. तोवर रोज कुणाला तरी सोबत घेऊन निघा, भीती वाटेल तिथे थांबा, पळू नका, ती उतरेपर्यंत उभ्या राहा. म्हटलं, एवढं सांगायला कॉलेज लागतं? पण करून पाहिलं. सून सोबत आली, दोन मिनिटं झाली नाहीत तोच, "आई, उतरली का भीती? कुकर लावलाय." मुलाची तर वेगळीच अक्कल. स्कूटर काढून म्हणतो, "बस मागे, टावर चौकाच्या गर्दीतून एक राउंड मारतो, एका झटक्यात भीती मोडते बघ!" झटका म्हणे. मला तर त्या एका राउंडनं दोन दिवस झोपवलं.

दोन मंगळवार असेच गेले, दवाखाना राहिलाच. दोघंही वाईट नाहीत गं, पण त्यांना थांबता येत नाही. मला सल्ला देणारी नको, हात ओढणारी नको. रस्त्यात अर्धा तास गप्प शेजारी उभी राहणारी हवी. लोक बघतील, बघू देत. तू सोमवारीच ये, राहायची तयारी ठेवून. मंगळवारी सकाळी आपण दोघी पायीच निघू, जिथे पाय अडतील तिथे थांबू, दवाखाना दुपारी आला तरी चालेल. येतेस ना? लवकर ये.