हाकेची आक्का

आक्का हाक मारायच्या तेव्हा त्यांचे ओठ हलताना दिसत नसत. पांढऱ्या लुगड्याचा पदर कपाळावर ओढलेला, मान थोडी खाली, आणि हाक मात्र रस्त्यावरून नव्हे, घराच्या आतूनच कुठूनतरी उठल्यासारखी यायची. सकाळचं धुकं असलं की बाई दिसायची नाही, नुसती हाक दिसल्यासारखी वाटायची. एका दारात तीन हाका. दोन हाकांच्या मधलं अंतर नेहमी तेवढंच. आमच्याकडे पहिल्या दोन हाकांना ओ देत नाहीत. हाक मारणारं माणूस आहे की आणखी काही, हे तिसऱ्या हाकेशिवाय कळत नाही, अशी समजूत. आक्का ती पाळायच्या. तिसऱ्या हाकेला पाटी-दप्तर घेऊन मुलगी बाहेर आली की तिचं बोट न धरता त्या पुढच्या दाराकडे चालू लागायच्या.

निपाणी-चिकोडी पट्ट्यातलं आमचं बाजाराचं गाव. नाव सांगत नाही. या गोष्टीतली बरीच माणसं आता उत्तर द्यायला नाहीत. स्वातंत्र्याच्या वीस-बावीस वर्षं आधी आमच्या नगरपालिकेनं ठराव केला, की मुलांच्या बरोबरीनं मुलींनाही शिकवायचं. मुलींची वेगळी शाळा काढायची आणि मुलींना घरून आणायला, परत पोहोचवायला नगरपालिकेची एक बाई ठेवायची. ज्यांना हे पसंत नव्हतं त्यांनी ठरावाला एक शेपूट जोडलं. पट चाळीसच्या खाली गेला की शाळा बंद. मी शाळाखात्याचा कारकून होतो आणि ती नेमलेली बाई म्हणजे आक्का. जैन शेतकरी घरातल्या, लहानपणीच नवरा गेलेला, मराठी आणि कानडी सारख्याच तोंडात. गाव त्यांना ‘हाकेची आक्का’ म्हणायचा.

त्या काळी मुलीला घरात नावानं कोण हाक मारायचं? ‘ए पोरी’, ‘गं’, फार तर अर्धं नाव. आक्का पटावरचं पुरं नाव घ्यायच्या, बापाच्या नावासकट. कट्ट्यावर बसलेला एकजण एकदा म्हणाला, “मामलेदाराला बोलवल्यागत बोलावतीस की गं आक्का, शेंबड्या पोरीला!” आक्का न थांबता म्हणाल्या, “उद्या मामलेदारीण झाली तर तुमच्या कानाला सवय असूद्या.”

उंबऱ्याच्या आत त्या कधी गेल्या नाहीत. पाऊस असो, ऊन असो, कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला तरी बाहेरच उभ्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, “आत गेलं की सोयरीक होती अण्णा. भायेर हुबारलं की सरकार.” मी त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, तरी त्या मला अण्णाच म्हणत.

त्यांना अक्षरओळख नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी त्या कचेरीत येऊन माझ्या टेबलाशेजारी जमिनीवर बसत आणि मी पट वाचून दाखवी. प्रत्येक नावाला त्यांचा अंगठा बोटाच्या एका पेरावरून पुढच्या पेरावर सरके. एकदा ऐकलं की झालं. “तुमची शाई, माजा गळा,” असं त्या म्हणायच्या. नाव पटावरून कमी होत नाही तोवर हाक चुकवायची नाही, हा त्यांचा नेम. मुलगी आजोळी गेलेली असो, आई दार लावून घेवो, तीन हाका व्हायच्याच.

दुसऱ्या वर्षी प्लेग आला. गाव उठून माळावर खोपटी घालून राहिला. दोन महिन्यांनी परतलो, भिंतींना चुना फासला, शाळा उघडली. पटावर त्रेचाळीस मुली होत्या, त्यातल्या पाच परत आल्या नव्हत्या. नावं कमी केली तर अडतीस उरत होती. शाळा कमिटीचे चेअरमन मला बाजूला घेऊन म्हणाले, “नावं असू देत. वर्ष काढू, तोवर नव्या मुली येतील.” मला ते पटलं. शाळा वाचवतोय असंच वाटलं. चांगल्या कामासाठी थोडं खोटं, एवढीच त्याची मोजणी मी केली.

पहिल्या तारखेला आक्का आल्या. मी वाचत गेलो. “पद्मावती बाळगोंडा.” अंगठा पेरावर थांबला.

“अण्णा, ही तर गेली की. माळावर मीच हुती तिच्याजवळ.”

“पटावर आहे,” मी मान वर न करता म्हणालो.

“मग हाक मारू?”

“पटावर आहे तोवर मारायची. तुमचाच नेम ना?”

मग अंगठा पुढच्या पेरावर सरकला. आणखी चार वेळा तो तसाच थांबला, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

बाळगोंडा तंबाखूचा व्यापारी, घर आमच्याच गल्लीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात तोंड धूत होतो आणि हाक आली. “पद्मावती बाळगोंडा...” गल्लीतलं जातं थांबलं. कोणाच्या तरी हातातला दोर सुटला आणि पोहरा विहिरीत आदळल्याचं ऐकू आलं. दुसरी हाक. माझ्या बायकोनं पाळण्यातलं मूल उचललं आणि ती आतल्या खोलीत गेली. तिसरी हाक. मग काहीच नाही. आक्कांची पावलं पुढे गेली.

“अवो, त्या कुणाला बोलावाय लागल्यात?” बायकोनं आतून विचारलं. “ती पोरगी जाऊन तीन म्हैनं झालं.” मी चूळ भरली.

हे रोज सुरू झालं. पाच दारांत पंधरा हाका. लोक म्हणू लागले, आक्काला त्या मुली दिसतात. कोणी म्हणालं, दिसत नाहीत, तीच त्यांना धरून ठेवते, जाऊ देत नाही. कोणी आपल्या मुलीच्या गळ्यात ताईत बांधून मग शाळेला पाठवू लागलं. पाठवायचं बंद मात्र कोणी केलं नाही, कारण आक्कांची हाक डावलण्याची आता जास्त भीती वाटत होती.

महिना संपला आणि शाळेच्या मास्तरीणबाईंकडून हजेरीचा तक्ता आला. त्या पाच नावांपुढे गैरहजेरी असणार आणि त्यासाठी काहीतरी कारण लिहावं लागणार, म्हणून मी आधीच मजकूर जुळवून ठेवला होता. तक्ता उघडला. पद्मावती बाळगोंडा, पहिले चार दिवस गैरहजर. पाचव्या दिवसापासून हजर. पुढची चार नावंही तशीच. कोणी पाच दिवसांनी, कोणी आठ दिवसांनी, एकामागून एक त्या हजर होत गेल्या होत्या.

चेअरमननी बाईंनाही सांगून ठेवलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण विचारायला गेलो नाही. दुपारी कामाचं निमित्त काढून शाळेच्या मागच्या बाजूला गेलो. खिडकीतून मुलींच्या पाठी दिसत होत्या, ओळीनं बसलेल्या. पाढे चालले होते. मी वेण्या मोजल्या. जिवंत मुली अडतीस होत्या. मी एकेचाळीस मोजल्या. पुन्हा मोजायला लागलो तेव्हा शेवटच्या ओळीतली एक मान हळूहळू माझ्या बाजूला वळू लागली. चेहरा दिसण्याच्या आत मी तिथून निघालो. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, मॅट्रिक झालेला होतो, आणि कचेरीपर्यंत मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

असे चार महिने गेले. मग बाळगोंडा एक दिवस तापानं घरी राहिला. एरवी तो उजाडायच्या आत वखारीवर जाई आणि हाकांच्या गोष्टी बायकांच्या वावड्या म्हणून उडवून लावी. त्यानं नगरपालिकेत तक्रार दिली आणि सभेत उभा राहून सांगितलं, ते मला शब्दन् शब्द आठवतं. “हाक आली. माज्या मेलेल्या लेकीची. मी गप पडून ऱ्हायलो. तिसऱ्या हाकेला आतनं ओ आली. माज्या घरातनं, सायेब! पद्मीचं परकर-पोलकं घालून कुणीतरी पाठमोरं माज्या समोरनं भायेर गेलं. मी म्हटलं, पद्मे! वळलं न्हाय.” एवढा मोठा माणूस, बोलता बोलता खाली बसला. मागे बसलेल्यांपैकी एकजण ओरडला, “ती बाय पोरी उठवती मसणातनं! काढा तिला!”

आक्का दाराशी उभ्या होत्या. नगरपालिकेच्या अध्यक्षांनी विचारलं, मेलेल्या मुलींना हाका का मारता? त्या म्हणाल्या, “पटावर हाईत. कारकूनअण्णांनी वाचून दावलं तसं म्हणती.”

सगळे माझ्याकडे वळले. चेअरमन छताकडे बघत होते. पट माझ्या समोर होता आणि मला त्याची भीती नव्हती. कारण तक्रारीची बातमी लागताच आदल्या दिवशी मी ती पाचही नावं तांबड्या शाईनं खोडली होती आणि पुढे प्लेगच्या महिन्यातली तारीख घातली होती. मी पट उघडून अध्यक्षांसमोर ठेवला आणि म्हणालो, “नावं कधीच कमी झाली आहेत. मी तसं काही वाचलेलं नाही.”

आक्का माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्या पुढे आल्या, वाचता येत नसतानाही पटावर वाकल्या आणि त्या तांबड्या रेघांकडे बघत राहिल्या.

“नावं कमी केलीसा?”

“हो.”

“पाचीबी?”

“हो.”

त्यांनी पदराला लावलेला नगरपालिकेचा पितळी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. सभेला नमस्कार केला, मला नाही. त्यांना कमी केल्याच्या हुकुमात ‘वेडसर असून मयत मुलींना हाका मारते’ असा शेरा आहे. तो माझ्या अक्षरात आहे. पुढे पट अडतीसवर आला, विरोधकांनी जुना ठराव काढला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मुलींची शाळा उघडली नाही. माझी नोकरी राहिली. बढतीही मिळाली.

देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या उन्हाळ्यात मी कोगनोळीला त्यांच्या भावाच्या घरी गेलो. किती वर्षं मनात वाक्यं जुळवत होतो. आक्का सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. मी ओळख दिली.

“वळकलं की. बसा. शेंगा खावा.”

मी बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो, “आक्का, मी सभेत खोटं बोललो. नावं मी आदल्या दिवशी खोडली होती.”

“ठावं हाय. शाई ताजी हुती. वास आलता.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“बोलून? बाप समदे बसलेलं फुडं.”

मला कळलं नाही. मी विचारलं, मी खोटा पट वाचतोय हे ठाऊक असताना मेलेल्या मुलींना त्या रोज हाका का मारत होत्या.

आक्का हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. “मेलेल्यास्नी कोण मारतंय अण्णा? घरात धाकट्या हुत्या की.”

मग त्यांनी शेंगा फोडता फोडता सांगितलं. प्लेगनंतर त्या पाचही घरांतल्या बापांनी बायकांना शपथ घातली होती, की पोरीचं नाव पुन्हा पटावर चढवायचं नाही. पटावर चढली म्हणूनच मोठी गेली. पहिल्या चार दिवसांत त्या नुसत्या हाका मारत राहिल्या. पाचव्या दिवशी बाळगोंडाची बायको मागच्या दारानं येऊन त्यांना गाठून म्हणाली, आक्का, नवं नाव घालू नका, मालकाला कळलं तर माझी तंगडी मोडतील. पण मोठीच्या नावानं हाक मारा, मी धाकटीला पाठवते. मरणानं ते नाव एकदा नेलंय, त्याला ते पुन्हा न्यायला येत नाही. पुरुष कामावर गेले की तिसऱ्या हाकेला धाकटी मोठीचे कपडे घालून निघे; त्या दिवशी बाळगोंडा तापात झोपलाय असं आईला वाटलं. पुढे बाकीच्या चौघींच्या आयांनीही तसंच केलं. मास्तरीणबाईंना सगळं ठाऊक होतं. माहीत नव्हतं ते पुरुषांना आणि मला.

“तुमचं खोटं लई कामाला आलतं अण्णा,” आक्का म्हणाल्या. “मला येडी म्हटलासा, त्येचं काय न्हाय. गाव आदी बी म्हणतच हुतं. मी तवा इचारलं, पाचीबी? तुमी व्हय म्हटलासा. एक जरी ऱ्हायली असती, तर तिला तरी...” त्यांनी टरफलं सुपात भरली.

“ती बाळगोंडाची धाकटी,” मी विचारलं, “आता कुठे असते?”

“चंपी? हितंच दिलीया, कोगनोळीत. दोन पोरं हाईत.” आक्कांनी सूप बाजूला ठेवलं. “परवा जमिनीच्या कागदावर सही कराय सांगितलं तिला. तिनं लेखणी घेतली, सावकाश, एकेक अक्षर काढलं. तलाठी म्हणाला, बाई, हे तुमचं नाव न्हवं. चार म्हैन्यांत तिला येवढंच लिवाय आलतं. पद्मावती. सोताच्या नावापतोर ती पोचलीच न्हाय. मग अंगठा लावला.”

आक्का त्याच पावसाळ्यात गेल्या. कचेरीतला तो शेरा अजून कुठल्यातरी दप्तरात असेल; तो खोटा आहे, एवढं लिहायला मला इतकी वर्षं लागली. आक्का वेड्या नव्हत्या. त्यांनी मी वाचलेली नावं घेतली, आणि त्या नावांनी जिवंत मुली घराबाहेर काढल्या. त्यातली एक चंपा बाळगोंडा. बाकीच्या चौघींची नावं आक्कांना नक्की ठाऊक होती. मी समोर उभा होतो, आणि मी ती त्या दिवशीही विचारली नाहीत.