काशियान रोफनरने न पाहिलेली कड

काशियान रोफनर भला माणूस आहे असं गावात कुणी म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. चाळीस वर्षं मी त्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहते आहे. स्कीला लावायच्या मेणाचा वास आणि त्याच्या शिव्या, दोन्ही जिन्यातून वर येतात. मी गावच्या शाळेत शिकवायचे तेव्हा तो माझ्याच वर्गात होता. तेव्हाही त्याचं उत्तर बरोबर असायचं आणि बाकीच्यांना मूर्ख ठरवल्याशिवाय त्याला ते सांगता यायचं नाही.

तो स्की विकतो. खरं तर बहुतेकांना विकायचं नाकारतो. गिऱ्हाईक येऊन सांगतं, मी पट्टीचा आहे, मला शर्यतीची दाखव. काशियान म्हणतो, "जुनी आण." जुनी स्की आणल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. ती टेबलावर उलटी ठेवायची, डोळे मिटायचे आणि टोकापासून शेपटीपर्यंत पोलादी कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचं. शेपटीकडेच कड झिजलेली असली तर तो म्हणतो, "तू वळत नाहीस, ढुंगण फेकून थांबतोस." सगळी कड सारखी झिजलेली असली तर काहीच म्हणत नाही. त्याच्या तोंडून एवढंच कौतुक निघतं. मग वजन, कुठला गुडघा दुखावलेला आहे, सकाळी काचेसारख्या कडक बर्फावर जातोस की अकरानंतर मऊ झाल्यावर, हे सगळं विचारून झालं की भिंतीवरून एक जोडी काढतो. वाद घातलात तर ती परत भिंतीवर.

बार्थल थ्योनीशी त्याचं अठ्ठावीस वर्षांचं वैर. तोही माझाच विद्यार्थी, आता गावच्या स्कीशाळेचा प्रमुख. तरुणपणी जिल्ह्याच्या शर्यतीत काशियानने त्याच्या स्कीला धार लावली, बार्थल हरला आणि खानावळीत सगळ्यांसमोर म्हणाला की धारच बोथट होती. त्या दिवसापासून समोरून एक आला की दुसरा रस्ता ओलांडतो. आमचा रस्ता अरुंद आहे, तरी ओलांडतात.

आता आमच्या गावचं खूळ सांगायला हवं. दुपारी खानावळीबाहेर सगळ्यांच्या स्की बर्फात रोवून उभ्या असतात. आत जाणारा प्रत्येक जण दुसऱ्याच्या स्कीला गुडघा लावून वाकवून बघतो, जत्रेत बैलाची पाठ दाबून बघावी तसा. ताठ राहिली की मालकाला मान. सहज वाकली की ती "पाहुण्यांची स्की", हॉटेलात भाड्याने मिळते तसली. गावातला माणूस एक वेळ बायकोचा कोट घालून फिरेल, पण पाहुण्यांची स्की तिथे उभी करणार नाही.

गेल्या वर्षी बार्थलची मुलगी आफ्रा काशियानकडे आली. तिची प्रशिक्षकाची परीक्षा होती. मुलगी चांगली स्की करते, उगाच मिरवत नाही. रीतीप्रमाणे जुनी जोडी घेऊन आली होती. काशियानने तिच्यावरची बार्थलची आद्याक्षरं पाहिली आणि हात मागे घेतला.

"त्या घरचं लाकूड माझ्या टेबलावर नको. बार्थलची पोरगी ना? मग तुला हीच लागणार." असं म्हणून भिंतीवरची सगळ्यात कडक शर्यतीची जोडी तिच्या हातात दिली. बुटाखाली जाड पाटी, त्यामुळे कुठेच लवणं नाही. पोरगीही फुशारली. वजन तिचं पंचावन्न किलो. ती स्की वाकवायला ऐंशी किलोचा गडी लागतो. परीक्षेत आखूड वळणं घ्यायची वेळ आली तेव्हा स्की फळीसारखी सरळ राहिली आणि तिला सरळच घेऊन गेली. ती नापास झाली.

बार्थलने बजावलं, यंदाही नापास झालीस तर खाली शहरात काकाच्या खिडक्यांच्या कारखान्यात फोन उचलायला जायचं.

जानेवारीत मी बुटाची कडी दुरुस्त करायला दुकानात बसले होते. आफ्रा आली आणि ती शर्यतीची जोडी तिने टेबलावर आदळली.

"बघ."

"काय बघू?"

"गेल्या वर्षी जे बघितलं नाहीस ते."

"टेबल फोडशील."

"फुटू दे. सुताराला तरी काम मिळेल, तुझ्यामुळे कुणाला काही मिळत नाही."

काशियानने डोळे मिटले, नख फिरवलं. टोकाकडची कड कारखान्यातून आली तशी कोरी. झिजली होती ती फक्त टाचेखाली. स्की एकदाही धड वाकलीच नव्हती. डोळे उघडून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "चूक तुझी आहे."

"बाई, तू गप्प बस."

"गप्प बसायला तुझी बायको होती. तीही कंटाळून गेली."

त्याने आफ्राला वजन विचारलं, गुडघा विचारला, परीक्षा किती वाजता ते विचारलं. मग आतून दुसरी जोडी आणली. मधली कंबर तशीच बारीक, वळणाची त्रिज्याही तशीच तेरा मीटरच्या आतबाहेर, पण सात सेंटीमीटर आखूड आणि बुटाखाली पाटी नाही. हाताने दाबली तर लवली. आफ्राचं तोंड उतरलं.

"ही पाहुण्यांची आहे."

"ही तुझ्या वजनाची आहे. परीक्षक तुझं वळण बघणार आहेत, तुझ्या बापाचं नाक नाही."

बाप बाहेर गाडीत होता. काचेतून सगळं दिसत होतं. अठ्ठावीस वर्षांत त्याने हा उंबरठा ओलांडला नव्हता, तो ओलांडून आत आला.

"माझ्या पोरीच्या पायात हे खेळणं घालतोस?"

"तुम्ही बाहेर थांबा," काशियान म्हणाला. आमच्या डोंगरात सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात. तुम्ही म्हटलं की तो माणूस पाहुण्यांत जमा.

"माझी शर्यत घालवलीस, आता पोरीला बुडवतोस."

"शर्यत तू घालवलीस. दुसऱ्याच झेंड्याशी आडवा झाला होतास. पोरीची परीक्षा मात्र गेल्या वर्षी मी घालवली. तुझं नाव बघितलं आणि तिची कड बघितली नाही." हे तो थुंकल्यासारखं बोलला. माफी वगैरे नव्हती त्यात.

बार्थलला वाटलं, घबाड सापडलं. "ऐकलंस बाई? स्वतः कबूल केलं याने." संध्याकाळपर्यंत खानावळीतल्या प्रत्येक टेबलावर ते पोहोचलं होतं, आणि महिनाभर काशियानकडे कुणी फिरकलं नाही.

आफ्रा त्या दोघांचं भांडण ऐकायला थांबली नाही. लवणारी जोडी काखेत मारून बापाच्या अंगावरून बाहेर पडली. रविवारी भर दुपारी तिने ती खानावळीबाहेर रोवली. लोकांनी वाकवून पाहिली, खिदळले. एक जण म्हणाला, "आफ्रा, उतरताना हॉटेलवाल्याला परत द्यायची ना?" ती आत बसून बटाट्याचं परतलेलं ग्रोस्टल खात राहिली. दुसऱ्या रविवारी पुन्हा रोवली.

फेब्रुवारीच्या शेवटी परीक्षा झाली. ती पास झाली. आखूड वळणांत तिच्या गटात पहिली आली. बार्थल सांगत सुटला की कड मीच घासली होती म्हणून. त्याच्या शाळेत तिच्यासाठी प्रशिक्षकाचं लाल जाकीट तयार ठेवलं होतं. ती ते घ्यायला गेलीच नाही. पलीकडच्या खोऱ्यातल्या शाळेत लागली, स्कीही तिकडच्याच दुकानातून घेते. काशियानचे आभार मानायला आली नाही, आणि का यावं?

मी खाली जाऊन काशियानला सांगितलं. तो कुणाच्या तरी स्कीवरचं मेण खरवडत होता. हात थांबला नाही.

"तिकडचा दुकानदार गाढव आहे," तो म्हणाला.

असेल. पण तो तिचा बाप नाही आणि बापाचा वैरीही नाही. तिला तेवढं पुरतं.