मागच्या कप्प्यातलं वजन

गेल्या वर्षी श्रावणात, एका सोमवारी सकाळी, माझा नवरा वारला. गाडी सोसायटीच्या फाटकाशी उभी होती. चावी त्याच्या शर्टाच्या खिशात होती.

गाडी म्हणजे जुनी मिनीबस. निवृत्त झाल्यावर त्याने तिच्यातली आसनं काढून मधे ओटा, अगदी मागे आडवा पलंग आणि त्याखाली पाण्याची टाकी असं फिरतं घर बसवलं. चालवायचा तोच. मी शेजारी बसून कुरकुरायचे, "हाडं खिळखिळी झाली रे." तो म्हणायचा, "होईल गं सवय."

माघात सासूबाईंच्या कण्याचं ऑपरेशन झालं. वर्षश्राद्ध गावच्या घरी, आणि त्याला आपण असणारच, हे त्यांनी हॉस्पिटलातच सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, झोपवून न्या, पण धक्का बसता कामा नये. मी सासूबाईंकडे ॲम्ब्युलन्सचा विषय काढला.

"माझ्या झिलान केलेली गाडी आसा मा? माका तेच्यातच झोपवन ने गो."

मी एका रविवारी पार्ल्याहून गोरेगावपर्यंत गाडी नेऊन पाहिली. ती सरळ जाईना. शेजारून बस गेली की कलायची. चाक वळवलं तर आधी काहीच व्हायचं नाही, मग एकदम जास्त व्हायचं. खड्ड्यात मागचा भाग असा आपटला की रिकाम्या पलंगाकडे बघायची मला भीती वाटली. पुढे गावापर्यंतचा सबंध रस्ता होता, घाट होता.

कुर्ल्याच्या एका गॅरेजात गेले आणि मिस्त्रींना म्हटलं, "स्टिअरिंग घट्ट करून द्या."

त्यांनी एक चक्कर मारली. मग वजनकाट्यावर आधी पुढची चाकं घेतली, नंतर मागची.

"ताई, स्टिअरिंगला काय झालं नाय. पुढचं हलकं पडलंय, चाकं रस्ता धरतच नाहीत. सगळा बोजा मागच्या चाकांच्याही मागे. भरलंय काय एवढं?"

पलंगाखालचा कप्पा उघडला. टाकीशेजारी दिवाळी अंकांचे बांधीव खंड होते, दाटीवाटीने. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. घरात जागा उरली नव्हती, म्हणून त्याने ते इथे लावले होते. प्रवासात मला वाचायला.

"अख्खी लायब्ररी घेऊन फिरता काय हो!" मिस्त्री हसले. मग वाकून त्यांनी मागच्या चाकांवरची कमान, लोखंडी पाट्यांची स्प्रिंग, पाहिली. "एक पाटा जास्तीचा टाकलाय. गाडी मागे बसू नये म्हणून. त्यानेच आदळते ना."

मी स्टुलावर बसले. लोखंडाची ती पट्टी त्याने माझ्या पुस्तकांसाठी घातली होती. आणि तिच्यामुळे बसणाऱ्या धक्क्यांवरून मी त्यालाच बोलत होते. हे त्याने कधी सांगितलं नाही.

"काढू?" मिस्त्रींनी दोनदा विचारलं.

"काढा."

पुस्तकं उतरवली. टाकी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे घेतली. शॉकअप नवे बसवले, चाकांचं अलाइनमेंट केलं, वजन पाहून टायरमधली हवा कमी केली. "टाकी भरलेली ठेवा नायतर रिकामी," मिस्त्रींनी बजावलं. "अर्धी असली की पाणी आत झोके घेतं."

मग मी त्यांना गाडी चालवायला सांगितली आणि स्वतः पलंगावर आडवी झाले. प्रत्येक गतिरोधकाला डोळे मिटून कण्यात काय होतं ते पाहत होते.

"ताई, जिवंत आहात ना?" पुढून आवाज आला.

"परत त्याच रस्त्याने घ्या."

तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला चाक मी हातात घेतलं. वळण संपलं की ते आपोआप सरळ यायला लागलं होतं. तरी रात्री झोप लागली नाही.

श्राद्धाच्या दोन दिवस आधी निघालो. घाटात प्रत्येक वळणाला मी विचारत होते, "आई, दुखतंय का?" पाचव्या की सहाव्या वेळी उत्तर आलं, "गप गाडी चालय गो. माका निजाक दी."

श्राद्धाला सासूबाई भिंतीला टेकून, उशी घेऊन बसल्या.

आता दिवाळी अंक घरी आहेत, त्याच्या कपड्यांच्या कपाटात. गाडीतला कप्पा रिकामा आहे. काढलेला पाटा बाल्कनीत, कुंड्यांमागे भिंतीला टेकवून ठेवला आहे.